विजेचा पंखा आणि जुने डिझेल एंजिन

चेन्नईच्या एन्नोर भागात अशोक लेलँडने बांधलेल्या जुन्या डिझेल मालमोटारींचा पंखा एंजिनच फिरवीत असे. गाडी वेगात असता समोरचा वारा रेडिएटरला बहुधा पुरतो. तरी पंखा फिरतच राहतो, आणि त्याची गती दुप्पट होताच त्याला आठपट शक्ती लागते. उलट, मे महिन्याच्या ४० अंशांच्या उन्हात गाडी गर्दीत रखडते, तेव्हा तो मंदावतो. विजेचा पंखा हा दोष टाळतो. पाणी ठरलेल्या तापमानास, समजा ९५ अंश सेल्सिअसला, पोचले की तापनियंत्रक तो सुरू करतो व पाणी निवल्यावर थांबवितो. मात्र जनित्र अपुरे असल्यास बॅटरी उतरते. वितळतार जळून पंखा बंद पडल्यास एंजिनाचा माथा तापून वाकू शकतो. म्हणून तापमापकावर चालकाची दृष्टी हवीच.