फोनच्या पलीकडचे डॉक्टर

एप्रिल २०२० मधली गोष्ट. टाळेबंदी लागून दोन-तीन आठवडे झाले होते. राहुरी तालुक्यातल्या आमच्या गावात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. रात्री नऊच्या सुमारास सासूबाई जेवणाच्या ताटावरून उठल्या. म्हणाल्या, "पोटात वरच्या बाजूला जळजळतंय गं, मळमळतंय." मी लगेच आमच्या डॉक्टरांना फोन लावला. साठी उलटलेले, स्वतःलाही मधुमेह, म्हणून मुलाने त्यांना दवाखान्यात बसायला बंदी केलेली. पेशंट फोनवरच बघायचे.

"डॉक्टर, आईंना पित्त झालंय. एखादी गोळी सांगा."

"पित्त झालंय हे आई म्हणाल्या की तुम्ही म्हणताय, वहिनी?"

मला जरा रागच आला. सत्तरी ओलांडलेल्या बाईला पित्त झालं तर ते ओळखायला काय डॉक्टर लागतो? त्यांनी आणखी चार प्रश्न विचारले. साखरेच्या गोळ्या चालू आहेत ना, या प्रश्नाला मी "हो हो" म्हणून टाकलं. पित्ताची गोळी सांगून त्यांनी फोन ठेवला. मी निर्धास्त झाले.

साडेअकराला त्यांचाच फोन आला. मी झोपेत होते. "आई कशा आहेत? घाम आलाय का त्यांना?"

"एप्रिल महिना आहे डॉक्टर, त्यात लाईट गेलीय. आम्हा सगळ्यांनाच घाम आलाय."

पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "आधी स्वतःच्या कपाळाला हात लावा. मग आईंच्या लावा."

माझं कपाळ तापलेलं होतं. आईंचं ओलं आणि गार होतं, माठाला हात लावावा तसं. मी तसं सांगितलं मात्र, "गाडी काढा, नगरला न्या, चिठ्ठी व्हॉट्सअॅपवर पाठवतो, पोलिसांनी अडवलं तर दाखवा," असं एका दमात बोलून ते थांबले. नगरला ईसीजी काढला. हृदयविकाराचा झटका होता. छातीत दुखलंच नव्हतं. मधुमेह असलेल्यांना, त्यातही बायकांना, झटका असा पित्ताच्या वेषात येऊ शकतो, हे मला त्या रात्री कळलं. दुसरं एक कळलं ते घरी परतल्यावर. आईंच्या उशाखाली साखरेच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडलं. चार दिवसांपासून गोळ्या संपल्या होत्या. टाळेबंदीत कुणाला त्रास नको म्हणून त्या गप्प होत्या, आणि मी त्यांना न विचारताच "हो हो" म्हणाले होते.

आई वाचल्या. पण मैत्रिणींनो, तुम्हाला मला वेगळंच सांगायचंय.

दिवाळीच्या फराळाला डॉक्टरांकडे गेले होते. बोलता बोलता काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "त्या रात्री नऊपासून हे व्हरांड्यात येरझारा घालत होते. फोन उचलायचे, ठेवायचे. मी म्हटलं, एकदा सांगितलंत ना औषध, मग झालं. तर म्हणाले, मी आईंना पाहिलेलं नाही." आणि मग हळूच म्हणाल्या, "दवाखान्यात खुर्चीवर बसले की शांत असतात. फोन वाजला की कासावीस. आता रोजचंच झालंय."

इतकी वर्षं आपण डॉक्टरांना फोन करतो. काळजी असते ती आपल्या बाजूला, असंच मी धरून चालले होते. पलीकडे ती किती असेल याचा विचार मी तरी कधी केला नव्हता.

डॉक्टरांना विचारलं तर आधी हसण्यावारी नेलं. नंतर म्हणाले, "वहिनी, पेशंट दारातून आत येतो, खुर्चीवर टेकतो, तोवर माझं निम्मं काम झालेलं असतं. कसा चालला, श्वास कसा घेतोय, सोबतच्या माणसाचा चेहरा कसा आहे. मग जीभ, डोळे, पोटावर हात. फोनवर यातलं काय राहतं? तुमचं वाक्य. आणि ते वाक्यही पेशंटचं नसतं, सुनेचं असतं." शेवटचं मला लागलं, पण ते खरं होतं.

या भीतीला एक जुनी किनारही आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये रत्नागिरीत सिझेरियन होऊन घरी गेलेल्या एका बाळंतिणीला त्रास सुरू झाला. तिला पुन्हा रुग्णालयात आणलं तेव्हा डॉक्टर दाम्पत्य गावात नव्हतं. फोनवरून सांगितलेले उपचार झाले आणि ती दगावली, असं ते प्रकरण. जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या डॉक्टरांचा अटकपूर्व जामीन नाकारला आणि निदान न करता औषध देण्याबद्दल कडक शब्द वापरले. तो जामिनापुरता निकाल होता, पण राज्यभरातले डॉक्टर हादरले. "फोनवर औषध सांगितलं तर तुरुंगात जायचं का?" हा प्रश्न तेव्हा आमच्या डॉक्टरांच्याही तोंडी होता. उपचारात साधी चूक झाली म्हणून डॉक्टर गुन्हेगार ठरत नाही, त्यासाठी घोर निष्काळजीपणा दिसायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्येच सांगून ठेवलंय. पण रात्री साडेअकराला कुणाला निकालपत्र आठवतं?

नियम असे नव्हतेच. ते आले २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे देशभरची टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी. केंद्र सरकारच्या या मार्गदर्शक सूचनांनी फोन, व्हिडिओ, लेखी संदेश या सगळ्यांवरून सल्ला द्यायला परवानगी दिली. पेशंटने स्वतः फोन केला तर त्याची संमती आहे असं धरायचं. पेशंटला पहिल्यांदाच बघत असतील तर नुसत्या फोनवर कोणती औषधं सांगायची, यावर बंधन. फी घेता येते, नोंद मात्र ठेवायचीच. जबाबदारी समोर बसून तपासल्याइतकीच. आणि आपल्याला ठाऊक असावं असं कलम हे, की कोणत्याही टप्प्यावर "प्रत्यक्ष घेऊन या" असं सांगण्याचा डॉक्टरांना अधिकार आहे. तसं म्हटलं की आपण काय म्हणतो? "फी उकळायचीय."

बी.ए.ला माझा मानसशास्त्र विषय होता. त्यामुळे काकूंचं ऐकल्यावर माझ्या डोक्यात आलं, ही कासाविशी मोजता येईल का? मंडळातर्फे समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलं होतं, तेव्हा मिळालेली 'जीएडी-७' ही प्रश्नावली माझ्याकडे होती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली, अगदी सोपी. सात प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा अस्वस्थ वाटलं, काळजी थांबवता आली नाही, चिडचिड झाली, काहीतरी भयंकर घडेल असं वाटलं, अशा धर्तीचे. 'अजिबात नाही'ला शून्य आणि 'जवळजवळ रोज'ला तीन, म्हणजे जास्तीत जास्त एकवीस गुण. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र. दहाच्या वर गेलं तर तज्ज्ञाशी बोलावं.

डॉक्टरांनी माझी थट्टा करत कागद भरला. बेरीज बारा आली. थट्टा थांबली.

हा आकडा म्हणजे आजाराचं निदान नव्हे, हे ते माझ्यापेक्षा चांगलं जाणतात. पण त्यांनी जो मुद्दा काढला तो माझ्या पाठ्यपुस्तकातलाच निघाला. "ही प्रश्नावली पंधरा दिवसांचं विचारते," ते म्हणाले. "माझी भीती पंधरा दिवसांची नाही. फोन ठेवल्यापासून सकाळी त्या पेशंटचं बरं असल्याचं कळेपर्यंतची आहे." स्पीलबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास हाच फरक धरून चाचणी केली होती. एक भाग आत्ता या क्षणी वाटणाऱ्या चिंतेचा, दुसरा मुळातच काळजीखोर असलेल्या स्वभावाचा. परीक्षेत मी हे पाठ करून लिहिलं होतं. खरा अर्थ कळायला व्हरांड्यातल्या येरझारा लागल्या.

अमेरिकेत तर १९९० मध्ये मार्था गेरिटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास डॉक्टरांसाठीच एक मोजपट्टी तयार केली. नक्की काय झालंय हे कळत नसताना डॉक्टरला किती ताण येतो, आणि 'मला नक्की माहीत नाही' हे पेशंटला सांगायला तो किती कचरतो, हे दोन्ही तीत मोजतात. आमच्या डॉक्टरांना हे सांगितलं तर म्हणाले, "आपल्याकडे डॉक्टर 'माहीत नाही' म्हणाला की लोक दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरकडे." कबूल आहे. मीही गेले असते.

ही भीती वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. त्या भीतीनेच आम्हाला साडेअकराचा फोन आला. निर्धास्त डॉक्टर नऊ वाजता झोपले असते आणि आई आज ऐंशीच्या पुढे गेलेल्या दिसल्या नसत्या. पण याच भीतीची किंमत दुसरंच कुणी मोजताना मी पाहिलंय. २०२१ मध्ये दुसरी लाट आली तेव्हा दिवसभर आकड्यांचे फोन. ऑक्सिजन ९५, ऑक्सिजन ९१. बोटाला नेलपॉलिश, हात गार, तरी आकडा चुकू शकतो, हे सांगून सांगून त्यांचा घसा बसला. पुढे पुढे त्यांनी सगळ्यांनाच "नगरला जा" म्हणायला सुरुवात केली. आमच्या वस्तीवरची एक मजूर बाई पोराच्या साध्या सर्दी-तापासाठी गाडीभाड्यापायी उसनवारी करून गेली. पोर तिथे पोचेपर्यंत खेळायला लागलं होतं. डॉक्टरांना हे सांगितलं, तर ते बराच वेळ बोललेच नाहीत.

बारा गुणांचं पुढे काय झालं? नगरच्या एका मनोविकारतज्ज्ञ मित्राशी ते बोलले. तेही फोनवरच! (ज्यांना असा मित्र नाही त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तो डॉक्टरांनीही फिरवायला हरकत नाही.) मित्राने सांगितलं, एकेका फोनची काळजी डोक्यात ठेवू नको, वहीत ठेव. तेव्हापासून टेबलावर एक वही असते. कुणाचा फोन, काय सांगितलं, परत कधी विचारायचं. परतीच्या फोनची वेळ पेशंटलाही सांगून टाकायची. काकू म्हणतात, येरझारा कमी झाल्यात. बंद नाही झालेल्या.

आणि आपली बाजू? आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, ते गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवून. त्यांतल्या कितीतरी जणी निरक्षर. १९७९ मध्ये या जोडप्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉक्टर दूर असला तरी पेशंटजवळ बसलेल्या बाईला बघता आणि सांगता आलं पाहिजे, हे तिथे पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवलंय. सरकारची ई-संजीवनी सेवाही उपकेंद्रात याच रीतीने चालते. पेशंटशेजारी समुदाय आरोग्य अधिकारी बसतात, रक्तदाब वगैरे बघतात, आणि पडद्यावरच्या डॉक्टरांना सांगतात. तिथे डॉक्टरला उसने का होईना, हात असतात. घरून केलेल्या फोनला ते हात आपलेच.

आमच्या मंडळात यावर दोन बैठका झाल्या. पहिलीत नुसता गोंधळ. एकजण म्हणाली, "डॉक्टरची काळजी आपण का वाहायची? त्याला पैसे मिळतात." तिचंही अगदीच चुकीचं नव्हतं. दुसऱ्या बैठकीला डॉक्टर स्वतः आले आणि एकच गोष्ट मागितली. आजाराचं नाव सांगू नका, दिसतं ते सांगा. पित्त नको, 'जेवण अर्धं टाकून उठल्या, वरच्या पोटावर हात धरून बसल्यात' हे हवं. फोन शक्यतो पेशंटच्या हातात द्या. गोळ्यांची पाकिटं समोर आणून ठेवा आणि रिकामी असतील तर तसं सांगा. हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. मीच उभी राहिले आणि उशाखालच्या पाकिटाची गोष्ट सगळ्यांना सांगितली. सांगून झाल्यावर तिघी-चौघींनी आपापली पाकिटं बाहेर काढली. सासूची, नवऱ्याची, एकीने तर स्वतःच्या फिट्सच्या गोळ्यांची. घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

परवा आईंना जरा चक्कर आली. फोन लावला, तर मला बोलूच दिलं नाही. मोबाईल माझ्या हातातून ओढून घेतला आणि डॉक्टरांनी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "घाम आलाय. पण हा उकाड्याचा आहे. सूनबाईंच्या कपाळाला हात लावून बघितलाय मी."