मदतीला धावा, पण आधी भोवती पाहा

गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या भागातले रस्ते रात्रंदिवस उसाच्या वाहनांनी भरून जातात. अधूनमधून अपघातही होतात. अशा वेळी पहिला धावून येतो तो शेजारच्या रानात पाणी पाजणारा आपला सभासद. ही गोष्ट भूषणाचीच आहे. परंतु मदतीला गेलेलाच जायबंदी झाला, तर एकाच्या जागी दोघांना उचलण्याची पाळी येते. म्हणून काही गोष्टी सभासद बंधु-भगिनींच्या ध्यानात आणून देणे आम्हांस जरूर वाटते.

रस्त्यावरचा अपघात : रात्री ट्रॉली उलटली की सगळे तिच्याभोवती गोळा होतात आणि मागून भरधाव येणारी गाडी त्या घोळक्यातच घुसते. तेव्हा जखमीकडे जाण्याआधी दोघांनी बॅटरी घेऊन दोन्ही बाजूंना लांबवर जावे व रस्त्याच्या कडेला उभे राहून वाहनांना इशारा द्यावा. रस्त्यात दगड मांडू नयेत. ते तसेच राहतात आणि दुसरा अपघात घडवतात. ट्रॅक्टरचे इंजिन बंद करावे. डिझेल सांडले असेल तर विडी-काडी लांब ठेवावी. कललेल्या ट्रॉलीखाली, टेकू दिल्याशिवाय, कोणी शिरू नये. रक्ताला हात लावताना हातमोजे घालावेत. नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळावी आणि नंतर साबणाने हात धुवावेत.

विजेची तार : मोटारीच्या शॉकने चिकटलेल्या माणसाला हाताने ओढू नये. आधी फ्यूज काढा, मेन स्विच पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर करा. हाताशी ऊस असतो म्हणून तो उचलू नका. उसात पाणी भरलेले, त्यातून वीज येते. आणि हे झाले मोटारीचे. अकरा हजाराची लाइन तुटून पडली असेल तर कोरडे लाकूडसुद्धा उपयोगाचे नाही. भोवतालच्या जमिनीतही वीज उतरलेली असते. पस्तीस-चाळीस फूट लांब थांबून आधी वीज कंपनीकडून लाइन बंद करून घ्यावी.

जुनी विहीर : एक उतरला तो बेशुद्ध पडला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा, अशाने एकाच घरातली माणसे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. कारण असे, की बंद विहिरीत पालापाचोळा कुजून प्राणवायू कमी होतो व विषारी वायू साठतो. काही म्हणतात, "कंदील सोडून बघू." अहो, दिवा विझला तर प्राणवायू कमी आहे एवढेच कळते, विषारी वायू दिव्याने कळत नाही, आणि काही वायू तर पेट घेतात. वरूनच दोर सोडावा, अग्निशमन दलाला बोलवावे. आत उतरणे हे श्वासाचे साधन असलेल्या माणसाचेच काम आहे.

पोलिसांची भीती : "मागे लफडे लागेल" म्हणून पुष्कळ जण पुढे होत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन कलम १३४-अ आले. सद्भावनेने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर त्यामुळे दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, व नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही करता येत नाही. मात्र जमाव ड्रायव्हरवर चिडला असेल तर एकट्याने मध्ये पडू नये. ११२ नंबरला फोन करावा. रुग्णवाहिकेसाठी १०८. फोनवर गाव, फाटा, जवळची खूण नीट सांगावी.

प्रत्येक ट्रॅक्टरच्या पेटीत बॅटरी, लाल कापड, हातमोजे व मजबूत दोर एवढे सामान या हंगामात असू द्यावे. फडातल्या टोळीला व मुकादमालाही हा मजकूर वाचून दाखवावा. दुसऱ्याचा जीव वाचवायला आपले दोन हात शाबूत लागतात.