दीर्घ अहवालाचे लेखन आणि संगणकावरील पूर्वतयारी

शैक्षणिक वर्ष संपत आले की केंद्रशाळांत आणि पंचायत समितीच्या शिक्षण विभागात लेखनाची एकच धांदल उडते. शाळेचा विकास आराखडा, तपासणीचे शेरे, इमारतींची स्थिती दाखविणारे तक्ते, तालुक्याचा वार्षिक अहवाल असे कितीतरी कागद सिद्ध करावयाचे असतात. पूर्वी हे काम टाकाने होई, पुढे टंकलेखन यंत्राने होऊ लागले. आता ते संगणकावर होते. साधन बदलले, परंतु काम करण्याची रीत मात्र बहुतेक ठिकाणी टंकलेखन यंत्राचीच राहिली आहे. यामुळे संगणक असूनही श्रम वाचत नाहीत, उलट वाढतात. ही रीत कशी बदलावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम स्वतःच्याच चुकीचा दाखला देतो. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याचा सुमारे दीडशे पानांचा अहवाल मी तयार केला. अनुक्रमणिका हाताने टंकित केली होती. अहवाल छपाईस जाण्याच्या आदल्या रात्री दोन केंद्रांची माहिती आली आणि ती मध्येच घालावी लागली. पुढील सर्व पाने सरकली; अनुक्रमणिकेतील आकडे मात्र होते तेथेच राहिले. सभेत मोडकळीस आलेल्या वर्गखोल्यांचा विषय निघाला तेव्हा अनुक्रमणिकेत दाखविलेल्या पानावर गणवेशवाटपाचा तक्ता निघाला. पाने उलटता उलटता वेळ गेला, सभा पुढील विषयाकडे वळली आणि एका शाळेच्या खोलीची मागणी त्या वर्षी मागे पडली. पुढचा पावसाळा तेथील मुलांनी ओसरीत बसून काढला. माहिती खरी होती, ती गोळा करण्याचे श्रमही झाले होते; उणीव होती ती केवळ मांडणीची. मांडणी ही शोभेची बाब नव्हे, हे त्या दिवशी मला उमगले.

मुख्य तत्त्व

टंकलेखन यंत्रावर आपण अक्षराचे रूप ठरवीत असू. शीर्षक मध्यभागी हवे असेल तर मोजून जागा सोडावयाची आणि खाली रेघ ओढावयाची. संगणकावरही पुष्कळजण तेच करतात. शीर्षक निवडून अक्षर मोठे करतात, ठळक करतात, आणि नवे पान हवे असेल तर एंटरची कळ वीस वेळा दाबतात. कागदावर हे ठीक दिसते. परंतु ती ओळ शीर्षक आहे, हे यंत्रास कळत नाही. त्यास ती इतर ओळींसारखीच, फक्त जाड अक्षरांची ओळ वाटते.

यास्तव संगणकास ओळ कशी दिसावी हे सांगण्यापूर्वी ती ओळ कोण आहे हे सांगावे. ही प्रकरणाची ओळ, हे उपशीर्षक, हा मजकुराचा परिच्छेद, हे तक्त्याचे नाव, अशी प्रत्येकीची ओळख एकदा करून दिली की अनुक्रमणिका, पृष्ठांक, तक्त्यांचे क्रमांक ही सर्व कामे यंत्र स्वतः करते. या ओळखीस लेखनाच्या कार्यप्रणालींत ‘स्टाईल’ असे नाव आहे. आपण तिला शैली म्हणू.

ही कल्पना आपल्या भागास नवी नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे केंद्र होते. तेथे म्हाइंभटांनी श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी संकलित करून लीळाचरित्र सिद्ध केले. शेकडो आठवणींचा तो ग्रंथ एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा भागांत विभागलेला असून त्यातील प्रत्येक लीळा हा स्वतंत्र घटक आहे. घटक वेगळा ओळखता येतो म्हणूनच इतक्या मोठ्या ग्रंथात हवी ती लीळा सापडते. आपल्या अहवालासही हीच शिस्त लागू आहे.

पहिली तयारी : लिपी आणि कळफलक

मराठी लेखकाने सर्वांच्या आधी लिपीकडे लक्ष द्यावे. कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या पद्धतींच्या टंकांत मराठी अक्षर केवळ डोळ्यांना दिसते. संगणकाच्या पोटात ते रोमन अक्षरांच्या जागेवर साठविलेले असते. तो टंक नसलेल्या संगणकावर धारिका उघडली की मजकुराची अर्थहीन चिन्हे होतात. अशा मजकुरात गावाचे नाव शोधता येत नाही आणि शुद्धलेखनही तपासता येत नाही.

युनिकोड पद्धतीत प्रत्येक अक्षरास स्वतःचा कायम क्रमांक असतो. देवनागरीसाठी तेथे १२८ स्थानांचा विभाग राखून ठेवलेला आहे. यामुळे धारणीच्या शाळेत लिहिलेला मजकूर अमरावतीस किंवा अकोल्यास जसाच्या तसा उघडतो. नवे लेखन युनिकोडमध्येच करावे. जुना उपयुक्त मजकूर परिवर्तकाने बदलून घ्यावा व बदलल्यानंतर एकदा वाचून पाहावा, कारण जोडाक्षरे व रफार यांत चुका राहण्याचा संभव असतो. कळफलक इनस्क्रिप्ट असावा. त्यात स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे असल्याने थोड्याच दिवसांच्या सरावाने हात बसतो.

येथे एक अडचण नित्य अनुभवास येते. अक्षराचा आकार बदलला तरी मराठी मजकूर बदलत नाही, अशी तक्रार शिक्षक करतात. कारण असे की वर्ड काय किंवा लिबरऑफिस रायटर काय, या कार्यप्रणाली रोमन लिपीचा टंक आणि देवनागरीसारख्या लिपींचा टंक वेगवेगळे ठेवतात. दुसऱ्या गटास तेथे ‘कॉम्प्लेक्स’ लिपी असे म्हटलेले असते. शैली ठरविताना टंक व आकार त्या रकान्यात भरावा आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवावी.

दुसरी तयारी : शैली आणि साचा

शैलींची संख्या मर्यादित असावी. प्रकरण, उपशीर्षक, पोटशीर्षक, मजकूर, तक्त्याचे नाव आणि तळटीप एवढ्या सहा शैलींत तालुक्याचा अहवाल सहज बसतो. पहिल्या तीन शैलींसाठी कार्यप्रणालीत आधीच असलेल्या ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ व ‘हेडिंग ३’ याच वापराव्यात. त्यांचे रूप आपल्या पसंतीप्रमाणे बदलून घ्यावे. अनुक्रमणिका प्रथम याच शैलींचा शोध घेते.

वर्डमध्ये कंट्रोल व आल्ट यांसह १, २ किंवा ३ दाबले असता, आणि रायटरमध्ये केवळ कंट्रोलसह तेच अंक दाबले असता, त्या त्या शीर्षकाची शैली लागते. प्रकरण नव्या पानावर सुरू व्हावे अशी इच्छा असेल तर ती सूचना प्रकरणाच्या शैलीतच द्यावी. एंटर दाबत बसू नये. एखादे ठिकाणी एकदाच नवे पान हवे असेल तर कंट्रोलसह एंटर पुरे.

शैली, कागदाचा आकार, समास, पृष्ठांक व कार्यालयाचे नाव ही सर्व योजना झाली की मजकूर नसलेली ती धारिका ‘टेम्प्लेट’ म्हणून जतन करावी. हा आपला साचा होय. विटांचा साचा एकदा नीट केला की प्रत्येक वीट मोजावी लागत नाही, तसेच हे आहे. साचा उघडला असता प्रत्येक वेळी नवी धारिका मिळते व मूळ साचा अबाधित राहतो.

शैली लावल्याचा आणखी एक लाभ आहे. वर्डमध्ये ‘नेव्हिगेशन’ची चौकट व रायटरमध्ये एफ-५ च्या कळीने येणारा ‘नेव्हिगेटर’ सर्व शीर्षकांची यादी बाजूस दाखवितो. त्या यादीतील शीर्षक टिचकी मारताच समोर येते. इतकेच नव्हे, तर यादीत शीर्षक वर किंवा खाली हलविले की त्याखालील संपूर्ण मजकूर तक्त्यांसह हलतो. पाने कापून चिकटविण्याचे काम संपले.

तिसरी तयारी : तक्ते, क्रमांक आणि संदर्भ

आपल्या अहवालाचा मोठा भाग तक्त्यांचा असतो. तक्त्याचा क्रमांक हाताने लिहू नये. ‘कॅप्शन’ या सोयीने घालावा व तेथे ‘तक्ता’ हे नाव स्वतः नोंदवावे. मजकुरात ‘तक्ता ७ पाहा’ असे लिहावयाचे असेल तर सात हा अंक टंकित न करता ‘क्रॉस-रेफरन्स’ घालावा. मध्ये नवा तक्ता आला तर पुढील सर्व क्रमांक व त्यांचे उल्लेख आपोआप सुधारतील. तक्ता अनेक पानांवर जात असेल तर त्याच्या शीर्ष ओळीस प्रत्येक पानावर पुन्हा येण्याची सूचना द्यावी. नाहीतर चौथ्या पानावरील आकडा पटाचा की उपस्थितीचा, हे वाचणाऱ्यास कळत नाही.

अनुक्रमणिका, क्रमांक व संदर्भ हे आपण सांगितल्यावरच अद्ययावत होतात, हे विसरू नये. वर्डमध्ये सर्व मजकूर निवडून एफ-९ दाबावे. रायटरमध्ये ‘टूल्स’खालील ‘अपडेट ऑल’ वापरावे. छपाईपूर्वीचे हे शेवटचे काम समजावे. माझ्या त्या अहवालात एवढी एकच कळ दाबण्याची सोय असती, तर तो प्रसंग ओढवला नसता.

चौथी तयारी : हाताचे श्रम कमी करणे

अहवालात काही शब्द शेकडो वेळा येतात. ‘जिल्हा परिषद उच्च प्राथमिक मराठी शाळा’ हे प्रत्येक वेळी पूर्ण लिहिण्याची गरज नाही. ‘ऑटोकरेक्ट’च्या यादीत ‘जिपउप्रा’ असे लघुरूप नोंदवून त्यापुढे पूर्ण नाव द्यावे. लघुरूप लिहून मधली जागा सोडताच पूर्ण नाव उमटते. लघुरूप मात्र असे असावे की तो मराठीतील प्रचलित शब्द नसेल. अन्यथा नको तेथे शाळेचे नाव प्रकट होईल.

शुद्धलेखन तपासणारी सोय गावांच्या नावांना चुकीचे ठरवून लाल रेषा देते. बार्शीटाकळी, तेल्हारा, चांदूर बाजार, नांदगाव खंडेश्वर ही नावे एकदा शब्दसंग्रहात घालावीत. वारंवार लागणारी साधने वर्डच्या वरील ‘क्विक ॲक्सेस’ पट्टीवर ठेवल्यास आल्टसह १, २, ३ अशा अंकांनी ती हाताशी येतात. शाळांची छायाचित्रे घालण्यापूर्वी लहान करून घ्यावीत. मोठ्या छायाचित्रांनी धारिका जड होते व जुना संगणक रेंगाळतो.

पाचवी तयारी : अनेक हातांचे काम

अमरावती जिल्ह्यात १४ आणि अकोला जिल्ह्यात ७ तालुके आहेत. जिल्ह्याचा अहवाल व्हावयाचा तर इतक्या ठिकाणांहून मजकूर येणार. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने लिहिल्यास जुळवणी करणाऱ्याचे आठवडे जातात. हे टाळण्यासाठी मजकूर मागविण्याआधी एकच साचा सर्वांस पाठवावा. शैलींची नावे एक असली की धारिका एकत्र आणताना सर्व मजकूर एकाच रूपात येतो. रायटरमध्ये ‘मास्टर डॉक्युमेंट’ या सोयीने तालुक्यांच्या धारिका वेगळ्या ठेवूनही त्यांचा एक ग्रंथ करता येतो. शाळेचे नाव निरनिराळ्या प्रकारे लिहिले जाते. म्हणून त्यासमोर तिचा ११ अंकी यू-डायस क्रमांक द्यावा, म्हणजे गोंधळ होणार नाही.

जतन

लीळाचरित्राची मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली आणि पुढे शिष्यांनी ती स्मरणाने पुन्हा सिद्ध केली, असे महानुभाव परंपरा सांगते. आपल्या अहवालातील आकडे कोणाच्याही स्मरणात नसतात. म्हणून दर दहा मिनिटांनी आपोआप जतन होण्याची योजना पाच मिनिटांवर आणावी आणि दिवसाअखेर एक प्रत दुसऱ्या जागी ठेवावी. धारिकेच्या नावात दिनांक लिहावा. ‘अंतिम’, ‘अगदी अंतिम’ अशा नावांनी कोणती प्रत खरी ते कळत नाही.

समारोप

वर सांगितलेली सर्व तयारी एका दुपारीत होण्यासारखी आहे. पुढील केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्रत्येक केंद्राने एक तास यासाठी राखावा. सहा शैलींचा साचा तयार करावा, मागील वर्षाच्या अहवालातील दहा पाने त्यात आणावीत आणि अनुक्रमणिका काढून पाहावी. मधले एक प्रकरण हलवून ती पुन्हा काढली असता पृष्ठांक बदललेले दिसतील. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की अधिक समजूत घालावी लागत नाही.

शेवटी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. यंत्र क्रम लावील, पाने मोजील, चुकलेला अंक शोधण्यास साहाय्य करील. परंतु आकडा खरा आहे की नाही हे त्यास समजत नाही. ती जबाबदारी शाळेत जाऊन, मुले मोजून, भिंतीची भेग पाहून लिहिणाऱ्याचीच राहील. मांडणीचा वेळ वाचवावयाचा तो याच कामासाठी आणि वर्गातील अध्यापनासाठी. अहवालाच्या प्रत्येक ओळीमागे कोठल्यातरी शाळेतील मूल आहे आणि ती ओळ वाचणाऱ्यास वेळेवर सापडली पाहिजे, एवढे ध्यानात ठेवून आपण सर्वांनी या कामास आरंभ करावा.