पंधरा हजारांच्या आत घरचं लेझर यंत्र

बेळगावात लेझर कटिंग म्हटलं की उद्यमबागेतला एखादा कारखाना आणि पोलादी पत्रे कापणारं खोलीएवढं यंत्र आठवतं. तसलं यंत्र घरात कोण ठेवणार? पण काम लाकूड, पुठ्ठा, कापड, चामडं एवढ्यापुरतंच असेल, तर टेबलावर मावणारं लेझर यंत्र आज घरच्या घरी जोडता येतं. मी ते जोडलं आणि वर्षभर ते आमच्याकडे नीट चालतंय. ज्या मुलामुलींना अशा खटपटींची हौस आहे, त्यांच्यासाठी हा लेख.

मला ते हवं होतं बाबांसाठी. बाबा पॅटर्न मेकर. फौंड्रीत लोखंडाचा रस ज्या वाळूच्या साच्यात ओततात, त्या साच्याला आकार देणारा लाकडी नमुना करणं हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम. नमुन्यावर नाव, नंबर अशी अक्षरं बसवावी लागतात. ती ते पटाशीने कोरायचे. अलीकडे हात थरथरायला लागला. बाकीचं सगळं जमायचं, अक्षर तेवढं जमेना. "अक्षर वाकडं आलं की सगळंच काम वाकडं दिसतंय की," म्हणत त्यांनी आलेली कामं परत पाठवायला सुरुवात केली होती.

छोट्या यंत्रांत दोन प्रकारचे लेझर वापरतात. पहिला कार्बन डायऑक्साइड वायूच्या नळीचा. तो १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी तयार केला. पटेलांचा जन्म बारामतीचा आणि शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातलं. ही नळी जोरकस खरी, पण तिला हजारो व्होल्टची वीज आणि थंड ठेवायला सतत फिरतं पाणी लागतं. तो धोका घरात नको म्हणून मी दुसरा प्रकार घेतला : १२ व्होल्टवर चालणारा निळा डायोड लेझर. विकत घेताना एक गोष्ट बघा. जाहिरातीतले "४० वॅट" हे बऱ्याचदा यंत्र खातं त्या विजेचे असतात. प्रत्यक्ष प्रकाश किती वॅटचा, ते विचारा. माझा ५ वॅटचा आहे.

खर्च असा झाला : लेझर ६,००० रुपये, अॅल्युमिनियमची चौकट आणि चाकं २,३००, तीन स्टेपर मोटर २,१००, आर्डुइनो उनो, सीएनसी शील्ड आणि ड्रायव्हर मिळून १,२००, दातेरी पट्टा आणि पुली ६००, पॉवर सप्लाय ८००, संरक्षक चष्मा १,५००. एकूण १४,५००. यंत्रावरची पेटी उरलेल्या प्लायची केली आणि धूर ओढायला जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला.

आर्डुइनोवर 'जीआरबीएल' नावाची मोफत प्रणाली चढवायची आणि तिला एक आकडा सांगायचा : एक मिलिमीटर सरकायला मोटरने किती पावलं टाकायची? हे शाळेतलंच गणित आहे. मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ भाग करतो, म्हणजे झाली ३,२००. पुलीला २० दाते, दोन दात्यांत २ मिलिमीटर अंतर, म्हणून एका फेऱ्यात पट्टा ४० मिलिमीटर सरकतो. ३,२०० भागिले ४०, उत्तर ८०. मग १०० मिलिमीटरचा चौरस कोरून मोजायचा. दोन्ही कर्ण सारखे आले, तर चौकट काटकोनात आहे. चित्र 'इंकस्केप'मध्ये काढायचं आणि 'लेझरजीआरबीएल'मधून यंत्राला धाडायचं. दोन्ही मोफत मिळतात.

आता डोळ्यांचं. ५ वॅटचा किरण क्षणात दृष्टी घालवतो, नुसता परावर्तित झालेलासुद्धा. चष्मा ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशासाठीचाच हवा. साधा गॉगल चालत नाही. यंत्र चालू असताना खोली सोडायची नाही, पाणी किंवा अग्निशामक हाताशी ठेवायचा. पीव्हीसी आणि रेक्झिन कधीही कापू नका. त्यांतून क्लोरीनयुक्त विषारी धूर निघतो. पारदर्शक अॅक्रिलिक या लेझरने कापलं जात नाही, निळा प्रकाश त्यातून आरपार जातो. ३ मिलिमीटरचा प्लाय मात्र चार-पाच फेऱ्यांत सुटतो. माशांच्या टाकीच्या छोट्या पंपाने किरणाजवळ हवा फुंकली, तर कडा कमी काळी पडते.

अक्षरं कापायला लागल्यावर एक गंमत कळली. इंग्रजी शब्द कापला की प्रत्येक अक्षर सुटं पडतं आणि एकेक सरळ रेषेत चिकटवत बसावं लागतं. आपला देवनागरी शब्द शिरोरेषेमुळे अखंड निघतो, फक्त अनुस्वाराचा ठिपका तेवढा सांभाळायचा. स्टेन्सिल करताना मात्र उलटं. 'व', 'ब', 'प' यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो, म्हणून तिथे बारीक पूल ठेवावा लागतो.

पहिला शब्द बाबांनी हातात घेऊन उलटसुलट बघितला. "बिडाचं ओतकाम थंड झालं की शेकडा एक आकसतंय. ते धरलंस काय?" मी कॉम्प्युटरवर माप १०१ टक्के केलं. मग त्यांनी अक्षराच्या कडेवरून बोट फिरवलं. "हे उभं कापलंय. वाळूतून नमुना उचलताना वाळू ओरबाडून येणार. उतार पाहिजे."

खरंच, लेझरला उभंच कापता येतं. तो उतार बाबा हाताने देतात, पॉलिश पेपर घासून. पटाशी थरथरते, पण पॉलिश पेपर धरायला तो हात अजून पुरेसा आहे. परत पाठवलेल्यातलं एक काम त्यांनी फोन करून पुन्हा मागवून घेतलं. आता अक्षरं मी कापते आणि उतार ते देतात. ओतलेलं बीड साच्यातून निघालं, की नाव स्वच्छ उठलंय का ते बघायला आम्ही दोघं फौंड्रीत जातो.

तुम्ही यंत्र करायला घ्याल, तेव्हा सामान मागवण्याआधी घरातल्या जुन्या कारागिराला विचारा, त्यांचं नेमकं कुठलं काम अडलंय. यंत्राचं माप त्यावरून ठरवा.