म्हाताऱ्या कुत्र्याची सांधेदुखी: घरी काय करावे, काय टाळावे

“दुखत वगैरे काही नसेल, डॉक्टर. ओरडत नाही, रडत नाही. वय झालंय, म्हणून पडून असतो.” दहा-अकरा वर्षांच्या कुत्र्याला घेऊन आलेले घरचे लोक असे सांगतात, आणि बरेचदा हा समज चुकीचा असतो. सांधे दुखत असले तरी कुत्रा क्वचितच ओरडतो. तो फक्त हालचाल कमी करतो. दाराची बेल वाजली की धावणारा आता जागेवरूनच शेपूट हलवतो. जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी थांबून तुमच्याकडे बघतो. झोपेतून उठल्यावर चार पावले आखडत टाकतो, मग जरा मोकळा होतो. एकच सांधा चाटत बसतो. मागच्या मांड्या बारीक दिसू लागतात. नातवंडाने कमरेवर हात ठेवताच गुरगुरणारा म्हातारा कुत्रा चिडका झालेला नसतो, त्याला तिथे दुखत असते.

सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. ते झिजते, सांध्याला सूज येते आणि कडेने हाड वाढू लागते. झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही, पण वेदना पुष्कळ कमी करता येते.

मात्र प्रत्येक लंगडणे म्हणजे संधिवात नव्हे. आपल्याकडे गोचीड-तापातही सांधे सुजतात. सोबत ताप, फिक्या हिरड्या किंवा खाणे बंद होणे असेल तर रक्ततपासणी लगेच करावी. वाढून आत वळलेले नख, गुडघ्याचा तुटलेला लिगामेंट, मोठ्या जातींमध्ये हाडाचा कर्करोग, अशीही कारणे निघतात. दवाखान्यात घाबरलेला कुत्रा बरेचदा नीट चालून दाखवतो, म्हणून सकाळी उठतानाचा आणि जिना चढतानाचा व्हिडिओ मोबाइलवर काढून आणा. तपासणीला त्याची फार मदत होते.

आता सर्वात महत्त्वाचे. आजोबांच्या गुडघ्यासाठी आणलेली गोळी कुत्र्याला देऊ नका. अर्धीही नाही, पावही नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक ही औषधे माणसाला चालतात, पण कुत्र्याच्या पोटात त्यांनी अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल जास्त झाल्यास यकृताला आणि रक्तातील लाल पेशींना इजा होते. ही गोळी प्रेमापोटीच दिलेली असते, म्हणून कुणाला रागावताही येत नाही. दिली गेली असेल तर लपवू नका. गोळीचे पाकीट घेऊन ताबडतोब दवाखान्यात या. उलटी सुरू होण्याची वाट पाहण्यात वेळ घालवू नये.

कुत्र्यांसाठी कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम अशी वेदनाशामके आहेत. मात्रा वजनावर ठरते. सुरू करण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक काळाने यकृत व मूत्रपिंडांची रक्ततपासणी लागते. ही औषधे खाण्यासोबत द्यावीत. स्टिरॉइड चालू असताना ती देत नाहीत, त्यामुळे त्वचेच्या खाजेसाठी आधी काही इंजेक्शन किंवा गोळ्या दिल्या असतील तर न विसरता सांगा. उलटी, जुलाब, काळी शी किंवा अन्नावरची वासना जाणे, यांपैकी काहीही दिसले तर औषध थांबवून डॉक्टरांना फोन करा. ग्लुकोसामीनच्या गोळ्यांबद्दल सगळे विचारतात. त्यांचा पुरावा कच्चा आहे. खर्च करायचाच असेल तर ओमेगा-३ असलेले माशाचे तेल त्याहून बरे, तेही मात्रा विचारून.

औषधाइतकाच उपयोग वजन उतरवण्याचा होतो. जाड कुत्र्याचे वजन सहा-आठ टक्के घटले तरी लंगडणे कमी झालेले दिसते, म्हणजे ३५ किलोच्या लॅब्रॅडोरमध्ये दोन-अडीच किलो. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडोर पिल्लांच्या जोड्या लावून एका गटाला आयुष्यभर दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले होते. कमी खाणाऱ्यांना सांधेदुखी उशिरा झाली आणि ती जवळपास पावणेदोन वर्षे जास्त जगली. आपल्या घरी अडचण त्याच्या वाडग्यापेक्षा आपल्या ताटाची असते. चहासोबत दोन बिस्किटे, जेवताना तूप लावलेल्या पोळीचा तुकडा, रात्री दूध-भात, आणि देणारे हात चार. दिवसाचे सगळे अन्न सकाळीच एका डब्यात काढून ठेवा. जो देईल तो त्यातूनच देईल. बरगड्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत.

घरातल्या गुळगुळीत फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय फाकतात. त्याच्या रोजच्या वाटेवर, निदान झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, सतरंजी किंवा रबरी मॅट घाला, आणि तीही सरकणार नाही असे बघा. पंजांमधले केस आणि नखे कापत राहा. पावसाळ्यात आणि थंडीत ओल्या फरशीऐवजी जाड गादी द्या. लिफ्ट नसेल तर छातीखाली आणि पोटाखाली टॉवेलचा झोळ करून जिना चढायला आधार देता येतो. फिरणे बंद करू नका, स्नायू गेले की सांध्यावर भार वाढतो. एक तासभर ओढत नेण्यापेक्षा पंधरा-पंधरा मिनिटे तीनदा, मऊ मातीवर. चेंडू फेकणे मात्र थांबवा.

औषध लागू पडले की काही दिवसांत कुत्रा पुन्हा सोफ्यावर उडी मारायला बघतो. घरच्यांना आनंद होतो, पण सांधा अजून तोच आहे. पहिले दोन-तीन आठवडे पट्टा सोडू नका, आणि गॅलरीचा उंबरठा ओलांडतानाही लक्ष ठेवा.