लाल रेघेची गोळी

मिरजगावच्या वस्त्यांत आम्ही पाहतो, ताप उतरला की अँटिबायोटिकच्या उरलेल्या गोळ्या डब्यात जातात आणि पुढे शेजारच्या पोराला दिल्या जातात. असं करू नका. पाकिटावर उभी लाल रेघ असलेली गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. साध्या सर्दीवर तिचा उपयोगही नाही. खर्चाची अडचण असेल तर आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी, औषध मोफत आहे. सांगितले तितके दिवस गोळी घ्या. पूर्वी औषधाने अंगावर गांधी उठल्या असतील किंवा दिवस गेले असतील, तर आधी सांगा. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्या, लगेच आडवं होऊ नका. मेट्रोनिडाझोलवर दारू घेतली तर उलट्या होऊ शकतात. पंचशील घेतलेल्या घरात हे सांगावं लागू नये, पण लागतं. तोंड सुजलं, धाप लागली तर पुढची गोळी न घेता तडक दवाखाना गाठा.