पावाला बुरशी कुठून लागते? बेकरी टाकण्याआधी हे समजून घ्या



जिंतूर, सेलू, गंगाखेड, पाथरी... परभणी जिल्ह्यात कुठेही जा, छोटी बेकरी टाकायचा विचार करणारे तरुण आणि बचत गट भेटतात. भट्टी केवढ्याची, मैदा कुठून आणायचा, हे सगळे विचारतात. पण "माल किती दिवस टिकेल?" हा प्रश्न फार थोडे विचारतात. धंदा मात्र तिथेच बसतो.

आधी हिशोब बघा

समजा, पावाची एक लादी तुम्हाला 18 रुपयांना पडते आणि दुकानदाराला तुम्ही 22 ला देता. रोज 100 लाद्या, म्हणजे नफा 400 रुपये. आता पावसाळ्यात बुरशी लागून 10 लाद्या परत आल्या. 220 रुपये गेले, हातात राहिले 180. म्हणजे 10 टक्के माल परत आला आणि अर्ध्याहून जास्त नफा गेला. 19 लाद्या परत आल्या तर त्या दिवशी तुम्ही घरचे पैसे घालून पाव विकला!

बुरशी भट्टीतून येत नाही

हे नीट लक्षात ठेवा. पाव भाजून निघतो तेव्हा त्याच्या आतलं तापमान 95 अंशांच्या आसपास असतं. एवढ्या उष्णतेत बुरशीचे बीजाणू टिकत नाहीत. म्हणजे भट्टीतून निघालेला पाव स्वच्छ असतो. बुरशी लागते ती त्यानंतर: गार करताना, कापताना आणि पिशवीत भरताना. बीजाणू हवेत असतात, मैद्याच्या धुळीत असतात, सुरीवर, क्रेटवर, हातावर असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, एवढंच.

नुसते बीजाणू बसले म्हणून बुरशी वाढत नाही. तिला चार गोष्टी लागतात:

1. खाणं: पावातला स्टार्च आणि साखर. हे आपण बदलू शकत नाही.
2. पाणी: ब्रेडमध्ये साधारण 35 ते 40 टक्के पाणी असतं. टोस्ट आणि खारीत अगदी थोडं, म्हणून ती महिनोन्महिने टिकतात.
3. ऊब: 20 ते 30 अंश तिला सगळ्यात आवडतं.
4. हवा: पिशवीत राहिलेली हवाही तिला पुरते.

यातलं पाणी आणि ऊब बऱ्यापैकी आपल्या हातात आहे. बीजाणू किती बसतात, हे तर पूर्ण आपल्याच हातात आहे.

सगळ्यात महागडी घाई

गाडी निघायची वेळ झाली म्हणून गरम पाव पिशवीत भरला जातो. पावाची वाफ पिशवीला आतून चिकटते, तिचे थेंब होतात आणि थेंब परत पावावर पडतात. तुम्ही बुरशीला स्वतःच्या हाताने पाणी घातलं! पाव जाळीवर ठेवा, खालूनही हवा लागली पाहिजे. आतून 35 अंशांपर्यंत उतरल्याशिवाय भरू नका. लादीला तास-दीड तास, मोठ्या ब्रेडला दोन-तीन तास धरा. गाडी सकाळी 6 ला निघणार असेल तर भट्टीची वेळ मागे घ्या, गार करायची वेळ कापू नका.

ही कामं रोजची:

- परत आलेला माल गार करायच्या खोलीत आणू नका. बुरशीची पिशवी आत उघडली की हजारो बीजाणू ताज्या पावावर.
- मैद्याची पोती आणि पीठ चाळायची जागा वेगळी ठेवा.
- सुरी आणि कटर रोज धुऊन पूर्ण कोरडे करा. क्रेट धुऊन उन्हात वाळवा.
- पंख्याची पाती पुसा. मळका पंखा थेट पावावर धूळ उडवतो.

परभणीचे तीन ऋतू

हिवाळ्यात आपल्याकडे पारा अनेकदा 10 अंशांच्या खाली जातो. तेव्हा माल चांगला टिकतो आणि आपण निर्धास्त होतो. जुलै ते सप्टेंबर हवा दमट, तापमान बुरशीला हवं तसं. साध्या पावावर तीन-चार दिवसांत ठिपके दिसू शकतात. मे महिन्याच्या कडक उन्हात वेगळाच त्रास: आतला गर चिकट होतो, तुकडा ओढला की तार सुटते, अति पिकलेल्या अननसासारखा वास येतो. ही बुरशी नाही, हा जिवाणू आहे आणि त्याचे बीजाणू भट्टीतूनही वाचतात. त्याला उपाय म्हणजे कसोशीची स्वच्छता आणि पाव लवकर गार करणं.

म्हणून पाकिटावरची तारीख हिवाळ्याच्या अनुभवावर टाकू नका, ऑगस्टच्या अनुभवावर टाका.

कॅल्शियम प्रोपिओनेट हे परिरक्षक ब्रेडमध्ये चालतं, पण कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत, वजन करून आणि लेबलवर लिहून. चिमटीच्या अंदाजाने नाही. आणि ते अस्वच्छतेवरचं औषध नाही.

खर्च नसलेली चाचणी

एकाच घाण्यातले चार पाव घ्या. एक गरम असताना भरा. एक दोन तास गार करून भरा. एक गार करून, पण न धुतलेल्या सुरीने कापून भरा. एक गार करून फ्रीजमध्ये ठेवा. प्रत्येकावर तारीख लिहा आणि न उघडता रोज बघा. फ्रीजमधल्याला बुरशी उशिरा लागेल, पण तो लवकर कडक होईल. सात दिवसांत तुमच्या बेकरीचं उत्तर तुमच्यासमोर असेल.

एक गोष्ट कधीच करू नका

ठिपका कापून उरलेला पाव विकणं, किंवा परत आलेल्या बुरशीच्या ब्रेडचा टोस्ट करणं. बुरशीचे धागे दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात, आणि काही बुरश्यांचं विष भाजूनही जात नाही. 18 रुपयांसाठी कुणाच्या लेकराचं पोट बिघडवायचं नाही.

सुरुवात कशाने करावी? भांडवल कमी असेल तर आधी टोस्ट, खारी, ज्वारीची बिस्किटं. कोरडा माल चुका सहन करतो. ग्राहक आणि शिस्त दोन्ही जमली की पाव-ब्रेडकडे वळा. आणि आपल्याच परभणीत, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात, 1976 पासून अन्नतंत्र महाविद्यालय आहे. भट्टीची ऑर्डर देण्याआधी तिथे एक चक्कर मारा, प्रश्न लिहून न्या.

आज रात्री एकच काम करा: तुमचा पाव भट्टीतून निघून पिशवीत जाईपर्यंत कुठे-कुठे ठेवला जातो आणि कुणाचे हात लागतात, ते कागदावर लिहा. बुरशीचा पत्ता त्याच कागदावर सापडेल.